ठेचा नावाची टोळी

नागपूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर भातकुलीचा एक माणूस होता. माझं स्वरयंत्र काढलेलं, त्याची अर्धी जीभ. माझा श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून चालायचा, त्याच्या नाकात नळी होती. बोलता दोघांनाही येत नव्हतं. नर्सनं दोघांनाही लहान मुलांच्या पाट्या दिल्या होत्या, आणि आम्ही त्या एकमेकांकडे धरून बोलायचो.

‘खर्रा खात होता का?’ हा प्रश्न मला डॉक्टरपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला. मी उभ्या जन्मात तंबाखू सोडाच, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. मान हलवून नाही म्हटलं की समोरचा ‘बरं बरं’ म्हणायचा, न पटल्यासारखं. भातकुलीवाल्यानंही विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यानं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, ‘तुया हिश्शाचा म्याच खाल्ला असन.’

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसलो ते त्या वाक्याला. हसण्याचा आवाज येत नाही हे मला तेव्हा कळलं. नुसते खांदे हलले.

त्याआधी मी अमरावतीच्या बाजारात हर्रास पुकारायचो. तुरीच्या, सोयाबीनच्या, हरभऱ्याच्या ढिगांमधून चालायचं, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, आणि एकेका ढिगाचा भाव आवाजानं वर चढवत न्यायचा. लोकांना वाटतं, पुकारणाऱ्याला घसा असला की झालं. तसं नसतं. कोणाची नजर खरंच मालावर आहे, कोण उगाच उभा आहे, कोण मघाशी हरल्यामुळे रुसून गप्प झालाय, हे चालता चालता ओळखावं लागतं. रुसलेल्याला नाव न घेता पुन्हा ओढून आणावं लागतं. ते काम मला येत होतं. लग्नात, तेरवीत, कुठंही गेलो तरी लोक म्हणायचे, आवाज आला म्हणजे हा आला.

भातकुलीवाल्याच्या मोबाईलवर एक खेळ होता. प्रत्येकाची एक गढी. तिची तटबंदी वाढवायची, फौज जमवायची, आणि टोळी करून दुसऱ्यांच्या गढ्यांवर चालून जायचं. जगभरचे लोक खेळायचे. दिवसभर खाटेवर पडून तो तेच करायचा. मला आधी ते पोरकट वाटलं. पण त्या वॉर्डात वेळ जात नाही. त्यानं माझ्या मोबाईलवर खेळ उतरवून दिला, बोट धरून शिकवलं, आणि सुटी मिळायच्या आत माझीही एक मातीची गढी उभी राहिली.

*

घरी आलो तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. मग ती ओसरली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिची रजा संपली, ती सकाळी जाऊ लागली. मुलगी पुण्याला नोकरीला. घरात मी एकटा.

एक मशीन मिळालं होतं. टॉर्चएवढं. हनुवटीखाली मानेला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. मग डब्यात भुंगा कोंडल्यासारखा एकसुरी आवाज निघतो आणि त्यातून शब्द कळतात. मी ते पहिल्यांदा घरात वापरलं तेव्हा बायको म्हणाली, “छान येतंय की.” आणि स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. मी ते मशीन कपाटात ठेवून दिलं.

बायकोनं माझ्यासाठी काय केलं नाही? पथ्याचं करून घालायची, गळ्यावरची सुती कापडं रोज धुवायची. पण हळूहळू ती माझ्या वतीनं बोलू लागली. पाहुणे आले की, “त्यांना आता बरं वाटतंय.” फोनवर, “त्यांना म्हणायचंय की तुम्ही या एकदा.” मी मोबाईलवर काही लिहायला घ्यावं, तर दोन शब्दांत ती ओळखायची आणि बाकीचं स्वतःच बोलून टाकायची. बहुतेक वेळा बरोबरही असायचं. त्यामुळे तक्रार तरी काय करणार? पण माझ्याच घरात मी ‘ते’ होऊन बसलो होतो. ते जेवले. ते झोपलेत.

एकदा बाजारात गेलो. माझ्या जागी दुसरा पुकारत होता. चांगला होता. ओळखीचे सगळे भेटले, पाठीवर थाप मारली, आणि प्रत्येक जण माझ्याशी ओरडून बोलला. “बरं हाये ना आता? जेवता ना?” माझा आवाज गेला होता, कान शाबूत होते. पण ते सांगायला आवाज लागतो. चहा आला. फुंकर मारून निववायला गेलो तर हवा तोंडातून येईचना. ती गळ्यातल्या कापडाआडून निघून गेली. समोरच्यानं पाहिलं आणि नजर वळवली. मी गरम चहा तसाच पिऊन घरी आलो. पुन्हा गेलो नाही.

*

भातकुलीवाला आणि मी खेळात रोज भेटायचो. आमची दोघांचीच टोळी होती. दोघांच्या टोळीला कोण भितं? रोज कोणीतरी येऊन गढी लुटून जायचं.

शेवटी त्यानंच एक दिवस सगळ्यांच्या चौकात, म्हणजे जिथं जगभरचे लोक इंग्रजीत काहीबाही लिहीत असतात तिथं, मराठीत लिहिलं, ‘वऱ्हाडातलं कोनी हाये का बे?’

त्याच्यावर इंग्रजीच्या ओळी चढत गेल्या. मग एक उत्तर आलं, ‘हाव. बाळापूर.’

असा आमचा तिसरा माणूस आला. त्यानं आपल्या मेव्हण्याला आणलं, मेव्हण्यानं दोन दोस्तांना. टोळीचं नाव भातकुलीवाल्यानं ठेवलं, ‘ठेचा’. म्हणाला, समोरच्याच्या तोंडाले लागला पायजे. खेळातली नावं इंग्रजी आणि विचित्र असायची, म्हणून आम्ही एकमेकांना गावावरूनच हाक मारायला लागलो. भातकुली, बाळापूर, दर्यापूर, मूर्तिजापूर. मी अमरावती.

मग एक जण आली अकोल्याहून. आल्या आल्या तिनं लिहिलं, ‘मैं औरत हूँ, पहलेच बताती. गाली दी तो निकल जाऊँगी.’ ती जुन्या शहरात बायकांचे कपडे शिवायचं दुकान चालवायची. गिऱ्हाईक नसलं की खेळायची. तिचं नाव पडलं जुनं शहर. लढाईत तिच्याइतकं थंड डोक्याचं दुसरं कोणी नव्हतं.

टोळीचा म्होरक्या मी झालो. तसं कोणी ठरवलं नाही. टोळी म्हणजे माणसं सांभाळणं, आणि ते मला येत होतं. कोण हरल्यावर चूप बसतो, कोणाला चारचौघांत बोललेलं खपत नाही, कोणाला आधी थोडं एकटं सोडावं आणि मग विचारावं. समोर चेहरे नव्हते, पण लिहिण्यावरूनही माणूस कळतो. ‘ठीक’ लिहिणारा वेगळा आणि ‘ठिक्कय भाऊ’ लिहिणारा वेगळा. रविवारी दुपारी मोठी लढाई असायची. मी आदल्या दिवशी बेत लिहायचो, कोणी कोणत्या दरवाजावर जायचं, कोणी मागे राहायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी टोळी शेतात असायची, म्हणून तेव्हा मोठ्या टोळ्यांशी भांडण काढायचं नाही, असा माझा नियम होता. बाळापूरवाल्याच्या शेतात विजेची पाळी आली की तो भर लढाईत लिहायचा, ‘लाईन आली. मोटर लावून येतो.’ आणि फौज तटावर सोडून जायचा. त्याच्या फौजेकडे पाहायला एक माणूस नेमावा लागायचा.

माझ्या बेताला कोणी मुकाट्यानं हो म्हणत नसे. बाळापूर म्हणायचा, ‘भाऊ, हा बेत म्हंजे बिनामिठाचं वरण.’ मी लिहायचो, ‘तू तिखटाचा डबा घेऊन ये, मंग पाहू.’ जुनं शहर दोघांनाही झापायची. कोणत्या दरवाजानं शिरायचं यावर दुपारभर भांडण चालायचं. मी खोलीत एकटा बसलेला असायचो, घरात घड्याळाचा तेवढा आवाज, आणि माझी बोटं थांबत नसत. लिहिण्यात कोणाला आवाज असतो, कोणाला नसतो, हा प्रश्नच नव्हता. तिथं सगळेच सारखे होते.

भातकुलीवाल्यानं मला सुरुवातीलाच बजावलं होतं, ‘आपल्या बिमारीचं टोळीत सांगजो नको. अथी आपुन धडधाकट आहो.’ मी कबूल झालो. मलाही तेच हवं होतं.

*

टोळी भरली. एका टोळीत जितकी माणसं मावतात तितकी झाली. नवीन येणाऱ्याला थांबावं लागायचं. आम्ही पंजाबच्या एका टोळीला हरवलं, इंडोनेशियाच्या एकीला हरवलं. त्याच सुमारास भातकुलीवाला कमी दिसू लागला. विचारलं तर लिहायचा, ‘थोडं दुखून राहिलं.’ मग तो येईनासा झाला.

त्याच्या नावापुढे खेळात झोपेचं चिन्ह दिसू लागलं.

त्याला फोन करणं म्हणजे काय करणं? मला बोलता येत नव्हतं, त्यालाही नाही. बायकोला सांगून लावला, तर बंद. मग मी एका सकाळी एसटीत बसून भातकुलीला गेलो. त्याचं घर मला ठाऊक नव्हतं. थांब्याजवळ एक जण उभा होता. मी मोबाईलवर लिहून त्याच्यापुढे धरलं, ‘जिभेचं ऑपरेशन झालेले गृहस्थ कुठे राहतात?’

त्यानं वाचलं, माझ्या गळ्यातल्या कापडाकडे पाहिलं, आणि म्हणाला, “ते तं गेले ना भाऊ. तेरवीबी झाली.”

त्यानं मला घरापर्यंत नेऊन सोडलं.

घरात त्याची बायको होती. अंगणात हरभरा निवडत बसली होती. मी लिहून दाखवायला गेलो तर म्हणाली, “मले वाचता येत नाई, भाऊ.” तेव्हा मी खिशातून मशीन काढलं. येताना घेऊन आलो होतो, का ते माहीत नाही. मानेला लावलं आणि म्हणालो, “दवाखान्यात शेजारी होतो.”

ती दचकली. सूप हातातून खाली ठेवलं. मग पदर सावरून म्हणाली, “पुन्यांदा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं, लहान मूल बोलतं तेव्हा आई ऐकते तसं, ओठांकडे पाहत.

“मोबाईलमंदी तुमीच होते का?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“दिवसभर त्याच्यात पाहून हासत राह्यचे. मी म्हनो, काय हासता एवढं? तं मले म्होरं धरून दाखवत. मले काय समजते त्यातलं?” तिनं सुपातला एक खडा उचलून फेकला. “आखरी आखरी लय तरास झाला. पन तुमचा मेसेज आला का डोये उघडत.”

तिनं चहा केला. मी काही मागितलं नव्हतं, पण तिनं तो स्वतःच बशीत ओतून निववून दिला. तिला माहीत होतं सगळं. निघताना म्हणाली, “येत जा.” मी हो म्हणालो. पुन्हा गेलेलो नाही. जायला हवं.

*

टोळीत मी काही सांगितलं नाही. त्याला वचन दिलं होतं, आणि शिवाय सांगायचं कसं? ‘आपला भातकुली गेला’ असं लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं कशानं, मग मला कसं कळलं, मग आमची ओळख कुठली. एक धागा ओढला की सगळं उसवणार होतं.

थोड्या दिवसांनी बाळापूरनं विषय काढला. त्याचा एक भाचा टोळीत यायला टपला होता, चांगला खेळायचा. जागा नव्हती. ‘भाऊ, भातकुली तं झोपूनच राहिला. काढा त्याले. मंग आला तं घेऊ वापस.’

मी लिहिलं, ‘नाही.’

‘काऊन?’

‘मी सांगतो म्हणून.’

असं मी कधी बोललो नव्हतो. बाजारातही नाही. मग दर्यापूर म्हणाला, नियम सगळ्याले सारखा पायजे. मूर्तिजापूर म्हणाला, भाऊचा दोस्त हाये म्हून काय? सगळं रास्त होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पण त्या झोपेच्या चिन्हाला हात लावणं मला जमत नव्हतं. बटण दाबलं की ‘भातकुलीला टोळीतून काढण्यात आले’ अशी ओळ सगळ्यांना दिसली असती.

त्यातच खेळात एक नवी सोय आली. आवाजाची खोली. लढाई चालू असताना सगळ्यांनी तिथं जमून बोलायचं, लिहायची गरज नाही. पोरं खूश झाली, बाळापूर सगळ्यांत जास्त. लिहीत बसलं की तटावरचं लक्ष जातं, हे खरंच होतं. आता बेत तिथं ठरू लागले. मी आदल्या दिवशी लिहिलेला बेत वर पडून राहायचा आणि लढाई भलत्याच दरवाजानं सुरू व्हायची. मी लिहायचो, ‘अरे उत्तरेकडून या!’ कोणी वाचतच नव्हतं. सगळे एकमेकांच्या आवाजात होते.

‘भाऊ, तुमी काऊन येत नाई बोलाले?’ बाळापूरनं विचारलं.

‘माईक खराब आहे,’ मी लिहिलं.

‘मंग घ्या नवीन.’

एका रविवारी आम्ही फार वाईट हरलो. संध्याकाळी बाळापूरनं लिहिलं की लोक नाराज आहेत, भाऊनं पुढच्या रविवारी खोलीत येऊन एकदा तोंडानं बोलावं, भातकुलीचं काय ते सांगावं, म्हणजे विषय मिटेल. म्होरक्याचा आवाज कोणी ऐकला नाही, हे बरं दिसत नाही.

आठवडाभर बायको शाळेत गेली की मी मशीन काढून बोलून पाहायचो. रिकाम्या घरात. ‘माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. हा मशीनचा आवाज आहे.’ एवढी दोनच वाक्यं. बटण केव्हा दाबायचं, केव्हा सोडायचं, याचा सराव केला. भातकुलीचं गुपित तसंच ठेवायचं आणि माझं तेवढं मी सांगायचं, असं ठरवलं होतं.

रविवारी दुपारी आवाजाच्या खोलीत गेलो. बायको बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होती. मोबाईलमधून एकदम दहा-बारा आवाज आले. इतके दिवस ज्यांची अक्षरं पाहत होतो त्यांचे आवाज. कोणाच्या तरी मागे कोंबडा ओरडत होता. बाळापूरचा आवाज मी लगेच ओळखला, जाड, थोडा बसका. “आले आले, भाऊ आले! बोला भाऊ!”

सगळे थांबले. मी मशीन मानेला लावलं आणि बोललो. “माझ्या गळ्याचं—”

एवढंच. हशा पिकला.

“अबे, रोबोट आला!”

“भाऊ, आवाज बदलाची ॲप टाकली का?”

कोणीतरी नाक दाबून माझी नक्कल केली. बाळापूर तर हसून हसून खोकायला लागला. मी म्हणालो, “हा माझाच आवाज आहे.” ते वाक्य त्या भुंग्याच्या सुरात असं निघालं, की हशा आणखी वाढला. खरं सांगायचं तर त्यांचा काही दोष नव्हता. मी त्यांच्या जागी असतो आणि काही माहीत नसतं, तर मीही हसलो असतो. मी पुन्हा पहिलं वाक्य सुरू केलं. हसण्याखाली ते कोणाला ऐकू गेलं नाही. मग मी बाहेर पडायचं बटण दाबलं आणि खोली एकदम शांत झाली.

दारात बायको उभी होती. हातात लाल पेन तसंच. तिनं सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं आता ती म्हणेल, जाऊ द्या, कशाला असल्या नादाला लागता. ती येऊन पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, “काय सांगायचं होतं तुम्हाला?”

मी मोबाईल उचलला. तिनं माझा हात धरून खाली केला. “लिहू नका. बोला.”

मी बोललो. दवाखान्यातल्या पाटीपासून भातकुलीच्या अंगणापर्यंत सगळं. ती माझं वाक्य पूर्ण करायला एकदाही पुढे झाली नाही. मशीनची बॅटरी संपत आली, आवाज बारीक होत गेला, तरी ती वाकून ऐकत राहिली. एकदा फोन लावून दिला होता तेवढं सोडलं, तर तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी इतके दिवस मोबाईलवर वेळ घालवतोय, एवढंच तिला वाटायचं.

*

त्याच आठवड्यात बाळापूर टोळी सोडून गेला. त्यानं लिहिलं, ‘भाऊ, तुमी आमची मस्करी केली. सगळे सिरियस होते अन् तुमी नाटकं केली.’ त्याच्या मागे एकेक करून बहुतेक सगळे गेले. त्यांनी वेगळी टोळी काढली. ठेच्यात मी राहिलो, जुनं शहर राहिली, आणखी दोघे-तिघे जे आळसानं राहिले, आणि भातकुली.

जुन्या शहरानं मला थेट विचारलं, ‘भाऊ, वो आवाज सच्ची में आपकी थी क्या?’

त्या दिवशी ती खोलीत होती, पण तिच्या हसण्याचा आवाज मला आठवत नव्हता. मी तिला सगळं लिहिलं. माझंही आणि भातकुलीचंही. आता लपवण्यात काही अर्थ राहिला नव्हता. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘मैंने बाळापूर को बता दिया. गुस्सा करना है तो करो.’

मी रागावलो नाही. तिनं बोलावलं म्हणून एका दुपारी अकोल्याला गेलो. बसस्टँडवरून रिक्षा केली, मोर्णेच्या पुलावरून पलीकडे जुन्या शहरात. गल्ल्या अरुंद, तिचं दुकान एका अत्तराच्या दुकानाशेजारी. मला वास येत नाही आता, पण पाटीवर लिहिलं होतं. पन्नाशीच्या आसपासची बाई, नाकावर घसरलेला चष्मा, गळ्यात मापाची टेप. “आओ भाऊ, बैठो,” म्हणाली. आतल्या बाजूला एक दणकट माणूस बसला होता. मिशा पांढऱ्या, पायात धुळीनं माखलेल्या चपला, मांडीवर लिंबांची पिशवी.

मी बाळापूरला पोरगा समजत होतो. तो माझ्याच वयाचा निघाला.

तो उठला. माझ्या गळ्यातल्या कापडाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “भाऊ, म्या हासलो,” तो म्हणाला.

“हो,” मी मशीन लावून म्हणालो.

“मले मालूम असतं तं...”

“मालूम असतं तर हसला नसता. म्हणून तर सांगितलं नाही.”

तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, बायकांच्या कपड्यांच्या त्या दुकानात, ब्लाउजच्या ढिगाऱ्याशेजारी. जुन्या शहरानं त्याला पाणी दिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. आम्ही तिघं बराच वेळ बसलो. भातकुलीबद्दल बोललो. त्याला एकदा तरी पाहायला हवं होतं, असं बाळापूर म्हणाला. मी त्याला पाटीवरचं खर्ऱ्याचं वाक्य सांगितलं, पण तो हसला नाही. ते वाक्य ऐकून आता कोणी हसेल असं वाटत नाही. जाताना त्यानं लिंबाची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाला, “आमच्या टोळीत या भाऊ. तुमीच म्होरके. सगळ्यायले सांगतलं म्या.”

मी गेलो त्यांच्या टोळीत. पुढच्याच रविवारी, आवाजाच्या खोलीत. आत शिरलो तेव्हा सगळे कशावरून तरी कडाकडा भांडत होते, एकमेकांवर ओरडत होते. माझं नाव दिसलं आणि सगळे गप्प झाले. कोंबडासुद्धा नव्हता त्या दिवशी.

“बोला भाऊ. आमी ऐकून राहिलो,” बाळापूर म्हणाला. आवाज मऊ, दवाखान्यात पेशंटशी बोलतात तसा.

मी बेत सांगितला. पूर्वेच्या दरवाजानं शिरायचं. तो बेत चुकीचा होता, मी मुद्दाम चुकीचा सांगितला होता. पूर्वेला समोरच्या टोळीची सगळ्यात भक्कम तटबंदी होती. शेंबड्या पोरालाही ते दिसलं असतं.

“हाव भाऊ,” दर्यापूर म्हणाला.

“बरोबर हाये भाऊ,” मूर्तिजापूर म्हणाला.

मी वाट पाहिली. कोणीतरी म्हणेल, भाऊ डोकं फिरलं का. कोणी म्हणालं नाही. आम्ही पूर्वेच्या दरवाजावर गेलो आणि हरलो, आणि सगळे म्हणाले, चालते भाऊ, होते असं. बाळापूरच्या शेतात लाईन आली असावी, पण तो गेला नाही. बसून राहिला.

दोन रविवार मी आणखी गेलो. मग जाणं सोडलं, ठेच्यात परतलो. त्यांनी बोलावलं, दोनदा-तीनदा, मग तेही थांबले. दिवाळीला बाळापूरचा मेसेज आला, मी उत्तर दिलं.

आता बायको शाळेतून आली की मी तिला दिवसभरात काय झालं ते मशीननं सांगतो. फारसं काही झालेलं नसतं. ती ऐकते, कधी म्हणते, “पुन्हा सांगा, कळलं नाही,” आणि मी पुन्हा सांगतो. भाजीवाला दारात आला तर मीच बोलतो. या आवाजाची सवय झाली आहे त्याला आणि मलाही. जुनं शहर अधूनमधून लिहिते, पण लग्नसराई सुरू झाली की तिला फुरसत नसते. खेळ मोबाईलवर आहे अजून. दुपारी उघडतो, तट नीट करतो, फौजेला दाणागोटा देतो. कोणी लुटायला आलं तर एकटाच लढतो आणि बहुतेक वेळा हरतो.